केळीच्या लॅबमधून पाइनच्या लॅबमध्ये

केळीचं टिश्यूकल्चर, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यापासून लॅबमध्ये रोपं करणं, मी जळगावात शिकले आणि पाइनचं न्यूझीलंडमध्ये, रोटोरुआजवळच्या एका लॅबमध्ये. ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र), लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कपाट), फोर्सेप, ब्लेड, स्पिरिटचा वास, सगळं ओळखीचं असल्यामुळे हात लवकर बसला. कामामागचं गणित मात्र पार निराळं निघालं. ते समजल्याशिवाय पाइनच्या प्लेटमध्ये काय चाललंय हे कळत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

केळीत गोष्ट सरळ असते. बागेत एखादं झाड उठून दिसतं: घड भरदार, फण्या एकसारख्या, रोगाचं नाव नाही. त्या झाडाचा मुनवा, म्हणजे बुडाशी फुटलेलं पिल्लू, काढायचा, कंद सोलत सोलत आतल्या कोंबापर्यंत जायचं आणि तो कोंब मीडियावर, म्हणजे पोषक जेलीवर, ठेवायचा. मीडियात बीए नावाचं वाढीचं संप्रेरक असलं की कोंबाला कोंब फुटतात. ते वेगळे करायचे, पुन्हा मीडियावर ठेवायचे; यालाच सबकल्चर म्हणतात. काही सबकल्चरमध्ये एका कंदाची शेकडो रोपं होतात आणि ती मूळ झाडासारखी निघतात. झाड आधी आपला गुण दाखवतं, मग आपण त्याला वाढवतो.

पाइनमध्ये हा क्रम चालत नाही. न्यूझीलंडमध्ये लाकडासाठी लावलेल्या जंगलांपैकी साधारण नव्वद टक्के क्षेत्र एकट्या रेडिएटा पाइनचं आहे. हे झाड इथलं नव्हे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची तीन ठिकाणं आणि मेक्सिकोची दोन बेटं, एवढाच त्याचा मूळ मुलूख. पण इथल्या पावसात आणि ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीत ते असं वाढतं की पंचवीस-तीस वर्षांत तोडणीला येतं. जंगलाच्या हिशेबात हा वेग मोठा आहे, पण निवड करणाऱ्यासाठी फार सावकाश. खोड सरळ जाईल का, फांद्या जाड राहतील की बारीक, लाकूड ताठ आहे का, पानांवरच्या बुरशीला झाड तोंड देतं का, हे सगळं कळायला निदान सहा-आठ वर्षं जातात. आणि तोवर ते झाड आमच्या कामासाठी म्हातारं झालेलं असतं.

म्हातारं म्हणजे काय, तर एक-दोन वर्षांच्या पाइनची फांदी छाटून ओल्या मातीत लावली तर मुळं सहज धरते. तेच झाड पाच-सात वर्षांचं झालं की मुळं धरण्याचं प्रमाण घसरतं. जी फांदी धरते तीही कोवळ्या रोपासारखी जोमानं वाढत नाही, मोठ्या झाडाच्या फांदीच्या चालीनं वाढते. कळ्या काढून मीडियावर ठेवल्या तर बऱ्याचदा तपकिरी पडतात आणि तिथेच थांबतात. म्हणजे झाड गुणी आहे हे समजतं तेव्हा त्याची रोपं करता येत नाहीत, आणि रोपं करता येतात तेव्हा ते गुणी आहे की नाही याचा पत्ता नसतो.

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. पहिल्या वर्षी फोनवर मी आप्पांना हे सगळं सांगत होते. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मंग पोरी, झाड चांगलं हाये हे कळायच्या आधीच त्याची रोपं करून ठेवता का तुम्ही?"

"रोपं नाही आप्पा, पेशी. गोठवून ठेवतो."

"आन् झाड वाईट निघालं तर?"

"तर ती नळी टाकून द्यायची."

पाइनच्या टिश्यूकल्चरचा सगळा डाव आप्पांच्या या दोन प्रश्नांत आहे. लॅबमध्ये जे काही होतं ते झाडाचं बालपण धरून ठेवण्यासाठी होतं.

ही पद्धत तशी नवीन आहे. सूचिपर्णी झाडांच्या पेशींपासून लॅबमध्ये भ्रूण तयार होतात हे १९८५ मध्ये पहिल्यांदा नॉर्वे स्प्रूस या झाडात दिसलं. पाइनच्या वाटेवर एक नाव येतं ते आपल्याला जवळचं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून, म्हणजे एनसीएलमधून, १९८० मध्ये सागाच्या टिश्यूकल्चरवरचा शोधनिबंध आला. त्यावर गुप्ता, नाडगीर, मस्कॅरेन्हस आणि जगन्नाथन अशी नावं आहेत. यांतले प्रमोद गुप्ता पुढे कॅलिफोर्नियात गेले आणि डॉन डर्झन यांच्याबरोबर त्यांनी सूचिपर्णी झाडांवर काम केलं. त्या दोघांनी १९८५ मध्ये मांडलेला डीसीआर मीडिया आजही पाइनच्या लॅबमध्ये वापरतात आणि १९८७ मध्ये लॉब्लोली पाइनची रोपं या पद्धतीनं तयार झाल्याचं त्यांनीच प्रसिद्ध केलं. मी एम.एस्सी.ला पुण्यात होते तेव्हा एनसीएलच्या भिंतीशेजारून रोज जायचे, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांना ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. ते जानेवारीत सुरू होतं, कारण इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा.

पाइनच्या शंकूची गती आपल्या फळझाडांसारखी नसते. मादी शंकूवर ऑगस्टच्या सुमाराला पराग पडतो, पण फलन व्हायला जवळजवळ सव्वा वर्ष लागतं. मधला सगळा काळ परागनलिका सावकाश सरकत असते. फलन झाल्यावर काही आठवड्यांचा एक पट्टा येतो, त्यातच बीमधला भ्रूण आम्हाला हवा तसा असतो: नुकता तयार झालेला, डोळ्यांना न दिसणारा. त्याआधी बी उघडलं तर आत काहीच नसतं. उशीर झाला, भ्रूणाला बीजपत्रं फुटू लागली, की त्याच्या पेशींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावणं अवघड होऊन बसतं. म्हणून बीजबागेतून दर आठवड्याला एक-दोन शंकू मागवायचे, बिया फोडून मायक्रोस्कोपखाली पाहायच्या आणि दिवस ठरवायचा. डोंगरात पाऊस लांबला तर दिवस पुढे जातो. कॅलेंडरवर लिहून ठेवलेली तारीख इथे कामाची नाही.

आपण शिमला-नैनितालहून शोभेसाठी जे तपकिरी, उमललेले शंकू आणतो, ते म्हातारे. आमच्याकडे येतात ते हिरवे, घट्ट मिटलेले, हाताला जड लागणारे आणि राळेनं माखलेले. ती राळ साबणाला दाद देत नाही. त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास असतो. प्रत्येक शंकूबरोबर त्याच्या आईचा आणि बापाचा नंबर येतो, कारण हे फलन वाऱ्यावर सोडलेलं नसतं. मादी शंकूवर वेळेत पिशवी बांधून, निवडलेल्या झाडाचा पराग आत सोडलेला असतो.

शंकूवर सत्तर टक्के अल्कोहोल फवारायचं, चार फोडी करायच्या, खवल्यांमागून बिया काढायच्या. दहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ट्वीन या साबणासारख्या द्रवाचे दोन थेंब घालून त्यात बिया आठ मिनिटं हलवायच्या आणि लॅमिनारमध्ये निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुवायच्या. बस्स. केळीत आम्ही कंद किती वेळा धुवायचो! क्लोरीन, मर्क्युरिक क्लोराइड, अँटिबायोटिक, आणि तरी तिसऱ्या-चौथ्या सबकल्चरला आतल्या बॅक्टेरियानं डोकं वर काढलं की अख्खी बॅच टाकायला लागायची. केळीचा कंद मातीत वाढलेला असतो, पाइनचं बी मिटलेल्या शंकूत. हा एक फरक तरी पाइनच्या बाजूचा आहे.

बी फोडणं हे खरं हातकाम, आणि मला ते सगळ्यात जास्त आवडतं. बी अजून मऊ असतं. फोर्सेपनं ते आडवं धरायचं आणि ब्लेडच्या टोकानं कवचाला एकच चीर द्यायची, दाब इतकाच की कवच उघडेल पण आतल्या गराला धक्का लागणार नाही. कवचाखाली एक पातळ पापुद्रा असतो, तोही ओढून काढायचा. आत पांढरा, दुधाळ, टोकाकडे निमुळता होत गेलेला गर मिळतो. हा फक्त आईकडून आलेला असतो, त्यात बापाचा अंश नाही. भ्रूण त्याच्या आत, निमुळत्या टोकाकडे असतो. आम्ही भ्रूण बाहेर काढत नाही. तो इतका नाजूक असतो की सुईच्या टोकालाच चिकटून राहील. अख्खा गर मीडियावर आडवा ठेवायचा, एका प्लेटमध्ये थोडेच, आणि सगळ्यांची टोकं एका दिशेला. टोकं एका दिशेला असली की पुढे प्लेट न उघडता, नजर एका रेषेत फिरवून पाहता येतं.

मीडियात लिटरला साधारण एक मिलिग्रॅम २,४-डी, ०.६ मिलिग्रॅम बीए, तीस ग्रॅम साखर, मीडिया घट्ट करणारा तीन ग्रॅम जेलन गम आणि ग्लुटामिनसारखी अमिनो आम्लं असतात. अमिनो आम्लं ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाहीत, ती बारीक फिल्टरमधून गाळून नंतर घालायची. २,४-डी हे तेच, जे गव्हात-उसात रुंद पानांच्या तणावर मारतात. आप्पांना हे पटेना. पण ते मुळात वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखं काम करणारं रसायन आहे. शेतात भरमसाट डोस मिळाला की तण वेडंवाकडं वाढून मरतं. इथे लिटरला एका मिलिग्रॅमच्या आसपास मिळालं की पेशी भ्रूणावस्थेत राहून विभागत जातात.

प्लेटा अंधारात जातात. केळीची कल्चर रूम ट्यूबलाइटनं लखलखीत असायची, रॅकवर रॅक हिरव्या बाटल्या, पाहणाऱ्याला प्रसन्न वाटायचं. पाइनची खोली काळोखी, बावीस-तेवीस अंशांवर ठेवलेली, आणि दार उघडल्यावर हिरवं असं काहीच दिसत नाही. चार-आठ आठवडे वाट पाहायची. बहुतेक गर नुसते पडून राहतात, तपकिरी होतात. पण काहींच्या निमुळत्या टोकातून एक चकाकता, अर्धपारदर्शक, पांढरट गोळा बाहेर येतो. भिजवलेल्या सब्जाभोवती जसा बुळबुळीत थर धरतो तसा तो दिसतो, आणि कडेला बारीक बारीक तंतू बाहेर आलेले असतात. केळीच्या लॅबमध्ये असलं काही प्लेटमध्ये दिसलं असतं तर आम्ही कंटॅमिनेशन म्हणून फेकलं असतं. इथे त्याच्यासाठीच सगळा खटाटोप असतो.

हे कसं होतं याचं मूळ पाइनच्या स्वभावातच आहे. निसर्गात पाइनच्या बीमध्ये एकाच फलित अंड्याचे चार भ्रूण होतात. शिवाय एका गरात अंडीही एकाहून जास्त असतात. एवढे भ्रूण आत वाढू लागतात, एक पुढे निघून जातो, बाकीचे विरून जातात. आम्ही मीडियात जे घालतो त्यानं ही दुभंगण्याची सवय थांबत नाही, चालूच राहते. कुणी एक पुढे जाऊन बाकीच्यांना मारत नाही. सगळे लहानच राहतात आणि दुभंगत राहतात. लॅबमध्ये झाडाकडून काही जबरदस्तीनं करून घेतलंय असं मला म्हणूनच कधी वाटत नाही. त्याच्याकडे होतं तेच आपण लांबवतो.

गोळा खरोखर भ्रूणांचा आहे की नुसता कॅलस, म्हणजे आकार न घेतलेल्या पेशींचा पुंजका, आहे हे रंगानं कळतं. चिमूटभर काचपट्टीवर घ्यायचं, असिटोकार्मिनचा थेंब टाकायचा, थोडं गरम करायचं, धुवायचं, मग इव्हान्स ब्लूचा थेंब. मायक्रोस्कोपखाली दाट पेशींची लालबुंद डोकी दिसतात आणि प्रत्येक डोक्यामागे लांबच लांब पेशींची निळी शेपटी. लाल डोकं म्हणजे उद्याचं झाड. निळी शेपटी म्हणजे त्याला गरात पुढे ढकलणारा, पोसणारा आणि नंतर मरून जाणारा भाग. नुसत्याच निळ्या, मोठाल्या, सुट्या पेशी दिसल्या तर ती प्लेट टाकायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लाल डोकी एकमेकांना लागून इतकी दाटलेली होती की मी आयपीसवरून डोळा काढायला तयार नव्हते.

एका बीतून आलेला गोळा म्हणजे एक लाइन. हे नीट ध्यानात घ्यायला हवं, कारण भेट द्यायला येणारे बहुतेक लोक इथेच गोंधळतात. एका लाइनमधली सगळी रोपं हुबेहूब सारखी, पण दोन लाइनी म्हणजे दोन भावंडं, आणि भावंडं सारखी नसतात. आपण गुणी आईबापांची नक्कल करत नाही, ती करताच येत नाही. आपण त्यांच्या लेकरांची नक्कल करतो, आणि तीसुद्धा कोणतं लेकरू गुणी निघेल हे माहीत नसताना. आणखी एक गैरसमज याच वेळी दूर करते: यात जनुकं बदललेली नसतात. टिश्यूकल्चर आणि जीएम हे दोन वेगळे विषय आहेत. गावाकडे मला हा प्रश्न केळीबद्दलही विचारायचे, इथेही विचारतात.

दर दोन आठवड्यांनी प्रत्येक लाइन ताज्या मीडियावर हलवायची. पण हे फार काळ करत राहता येत नाही. महिने उलटत गेले की लाइन वाढते छान, पण तिच्यातून पक्व भ्रूण येणं कमी होत जातं, आणि काही लाइनी एक दिवस नुसत्याच फुगत राहतात. मीडियावर ठेवूनही पेशींचं वय सरकतंच. म्हणून लाइन हाती आली, थोडी वाढली, की तिचा एक भाग लगेच गोठवायचा.

गोठवण्याआधी पेशींमधलं पाणी कमी करावं लागतं, नाहीतर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. म्हणून आधी सॉर्बिटॉलमध्ये ठेवायचं, मग बर्फावर थंड करता करता गोठताना पेशींना जपणारं डीएमएसओ हे रसायन मिसळायचं, छोट्या नळ्यांत भरायचं आणि मिनिटाला सुमारे एक अंश या बेतानं उणे चाळीसच्या आसपास न्यायचं. तिथून थेट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. या तापमानाला पेशीचं घड्याळ थांबतं. जाड हातमोजे, तोंडावर ढाल, खोलीत ऑक्सिजन कमी झाला तर वाजणारा अलार्म, असा सगळा जामानिमा असतो. नायट्रोजन सतत उडत राहतो, त्यामुळे टाकीची पातळी ठरल्या वेळी तपासावी लागते. नाताळच्या सुट्टीतही कुणालातरी यावंच लागतं. आमच्याकडे ही पाळी मी आनंदानं घेते. त्या टाकीत शेकडो झाडं आहेत आणि त्यांतलं कोणतं जंगल होणार हे अजून ठरायचंय.

गोठवून उरलेल्या भागाची रोपं करायची, कारण रोपं शेतात गेल्याशिवाय परीक्षा नाही. इथे मीडिया पूर्ण बदलतो. २,४-डी आणि बीए बंद. त्याऐवजी ॲब्सिसिक आम्ल हे वनस्पतीचं संप्रेरक, लिटरला सोळा मिलिग्रॅमच्या आसपास. साखर दुप्पट, साठ ग्रॅम. जेलन गम तिप्पट, नऊ ग्रॅम. हा मीडिया इतका घट्ट होतो की फोर्सेप टेकवला तर खूण पडत नाही. घट्टपणा मुद्दाम असतो, पेशींना पाणी सहज मिळू नये म्हणून. शंकू पिकताना बीमध्ये हेच होतं: पाणी कमी होत जातं, हेच ॲब्सिसिक आम्ल वाढतं, आणि भ्रूणाला दुभंगणं सोडून मोठं व्हायची सूचना मिळते. पेशी द्रव मीडियात ढवळून, गाळणकागदावर पातळ थर देऊन ओतायच्या आणि कागद या मीडियावर ठेवायचा. तीन-चार महिन्यांत थरातून पांढरे, अपारदर्शक, तांदळाच्या कणीएवढे भ्रूण उभे राहतात. डोक्यावर बीजपत्रांचा गोल असतो. पाइनला आपल्या हरभऱ्यासारखी दोन बीजपत्रं नसतात, सहा-सात-आठ अशी वर्तुळात येतात. वर्तुळ पूर्ण असलेले भ्रूण निवडायचे. अर्धवट, जुळे, वाकडे सोडून द्यायचे.

याच टप्प्यावर मोठी गळती होते. काही लाइनी भरपूर देतात, काही अगदी मोजके, आणि काही काहीच नाही. एकाच आईबापाच्या दोन लाइनी शेजारी शेजारी ठेवल्या तरी एक थर भ्रूणांनी भरतो आणि दुसरा नुसता राहतो. खटकणारी गोष्ट अशी की लॅबमध्ये उदार असणारी लाइन जंगलात गुणी निघेलच असं नाही. लॅबची चाळणी आणि जंगलाची चाळणी वेगळ्या आहेत. शंभर लाइनींतून आपण ज्या पुढे नेतो त्या आधी मीडियाला मानवलेल्या असतात. लाकडाच्या दृष्टीनं उत्तम अशी एखादी लाइन इथेच बाद होत असणार, आणि ती कधीच कळणार नाही. या कामातली मला सगळ्यात जास्त सलणारी बाब हीच आहे. म्हणून मीडियात सुधारणा करून जास्तीत जास्त लाइनींना पुढे आणणं, हे मला एका लाइनीतून जास्त रोपं काढण्यापेक्षा मोलाचं काम वाटतं.

भ्रूण रुजवताना मीडियात कोळशाची पूड घालतात, त्यामुळे प्लेट काळी असते. तिरपी उभी ठेवायची म्हणजे मूळ खाली जातं. पहिला आठवडा अंधार, मग उजेड. बीजपत्रं हिरवी होतात, मूळ काळ्या मीडियात पांढरी रेघ ओढत उतरतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा लॅबमध्ये काही हिरवं दिसतं. पुढचं हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं, केळीवाल्याला शिकवायला नको: पीट आणि परलाइट, सुरुवातीला धुक्यात जवळजवळ शंभर टक्के आर्द्रता, मग महिनाभर ती हळूहळू उतरवत न्यायची. फरक एवढाच की केळीचं रोप पंधरा दिवसांत नवं पान काढून आपली खबर देतं. पाइनचं रोप बराच वेळ तसंच उभं असतं, आणि ते जगतंय की वाळतंय हे टोकाशी नव्या सुया दिसेपर्यंत सांगता येत नाही.

रोपवाटिकेत ती तयार झाली की हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून ते ऑगस्टमध्ये, चाचणीच्या जागी लावतात. एकाच ठिकाणी लावून भागत नाही. पावसाच्या उतारावर एक, कोरड्या भागात एक, उंचावर एक अशी वाटणी करावी लागते, कारण एका जागी पहिली येणारी लाइन दुसऱ्या जागी मागे पडते. मग मोजणी: उंची, खोडाचा घेर, सरळपणा, आणि खोडावर ठोका देऊन ध्वनी किती वेगानं जातो त्यावरून लाकडाचा ताठपणा. डोथिस्ट्रोमा नावाची बुरशी पानांवर तांबडे पट्टे पाडते. १९६० च्या दशकापासून ती इथे आहे आणि तिच्यावर विमानातून तांब्याचं बुरशीनाशक फवारतात. कोणत्या लाइनीवर ती किती बसली, तेही लिहायचं.

या बुरशीमुळेच मला एका गोष्टीचा आग्रह धरावासा वाटतो. निवड झाली की सगळ्यात वरची एकच लाइन सगळीकडे लावण्याचा मोह होतो. केळीत आपण तो मोह आवरला नाही. ग्रँड नैनचं एकच वाण मैलोन्मैल आहे, आणि करपा किंवा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की सगळ्यांच्या बागेत एकाच वेळी येतो. पण केळी वर्षा-दीड वर्षात काढून नवीन लावता येते. पाइन एकदा लावलं की पाव शतक तिथेच उभं राहणार. त्या काळात कोणती नवी कीड येईल हे आज कुणालाच सांगता येत नाही. म्हणून बऱ्याच लाइनी मिसळून किंवा तुकड्या-तुकड्यांत लावाव्यात असं मला वाटतं, पहिल्या दोनचार लाइनींमुळे येणारं थोडं जास्तीचं लाकूड सोडावं लागलं तरी चालेल. बैठकीत मी हे प्रत्येक वेळी बोलते. आमच्या प्रमुख बाई ते टिपणात घेतात आणि लावणीच्या यादीत लाइनी वाढतात.

चाचणीचे आकडे आले की टाकी उघडायची. ज्या लाइनी हरल्या त्यांच्या नळ्या काढून टाकायच्या, आप्पांना सांगितलं होतं तसंच. ज्या जिंकल्या त्यांची एक नळी चाळीस अंशांच्या पाण्यात धरायची. बर्फ वितळला की लगेच काढायची, पेशी गाळणकागदावर पसरायच्या आणि डीएमएसओ निथळू द्यायचं. पहिले काही दिवस थर मळकट आणि मेलेला दिसतो, कारण बऱ्याच पेशी खरोखरच मेलेल्या असतात. मग एखाद्या कोपऱ्यात पांढरा ठिपका येतो आणि तो पसरत जातो. जंगलात तिच्याच पेशींपासून झालेलं झाड तोवर माणसाच्या तिप्पट-चौपट उंच झालेलं असतं.

लॅबमध्ये केलेलं प्रत्येक रोप महाग पडतं. भ्रूण एकेक करून फोर्सेपनं उचलावा लागतो, त्यात माणसाचा हात लागतो आणि इथे हाताची किंमत फार. म्हणून जिंकलेल्या लाइनींची काही रोपं रोपवाटिकेत स्टूल बेडमध्ये लावतात, छाटून छाटून बुटकी ठेवतात आणि त्यांच्या कोवळ्या फांद्यांपासून लाखोंनी कलमं करतात. छाटण्यानं म्हातारपण लांबतं, थांबत नाही. काही वर्षांत कलमं मुळं धरायला कुरकुर करू लागली की तो बेड उपटायचा आणि त्याच लाइनची दुसरी नळी टाकीतून काढून नवा बेड उभा करायचा. सध्या माझ्याकडे हेच काम आहे. अशा एका जुन्या बेडच्या लाइनी वितळवून परत वाढवायच्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींवर पांढरे ठिपके आले आहेत.